नऊ पानांचे वजन

एक

शुक्रवार, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५. वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. स्थळ चिंचणी, जिल्हा पालघर. सागरतीर बागायतदार मंडळाचे कार्यालय, पहिला मजला, खिडकीलगतचे टेबल. या टेबलावरील संगणकाने उपरोक्त वेळी मंडळाच्या टंकलेखिका अपेक्षा लोमटे यांना तीन दिवसांत एकोणिसाव्यांदा एकच वाक्य दाखवले: आपली फाइल पाच एमबीपेक्षा मोठी असल्यामुळे स्वीकारता येत नाही.

फाइल किती मोठी होती हे सांगितल्याखेरीज प्रकरणाचे गांभीर्य ध्यानात यायचे नाही. तिच्यात पाने होती नऊ आणि छायाचित्रे पाच. असा ऐवज फार तर वीसपंचवीस एमबी भरावा, आणि तेवढेही अंमळ जास्तच म्हणावे लागेल. ही फाइल एकशे त्रेसष्ट एमबी भरत होती. छापल्यावर तीच नऊ पाने एका पाकिटात सहज मावत. कागदाला जे वजन नव्हते ते संगणकात कोठून आले, हा प्रश्न होता. आणि मंडळाचे अध्यक्ष कैलास राऊत यांनी त्याचे उत्तर चौकशीआधीच ठरवून टाकले होते.

"तूच काहीतरी घातलंस त्याच्यात," ते अपेक्षाला म्हणाले. "गाणी, सिनेमे. दुसरं काय असणार?"

"साहेब, अर्जात सिनेमा कुठं बसवू? पान चारवर का पान पाचवर?"

"जीभ चालवू नको."

अर्ज होता भादवी चिकूचा. चिंचणीच्या किनाऱ्याला चिकूची झाडे हजारोंनी आहेत. पण ऐन भाद्रपदात, इतर वाड्या रिकाम्या असताना, फळाने वाकणारे झाड एकच, आणि ते शालू पाटील यांच्या वाडीत. या वाणाची सरकारी नोंद व्हावी, जतनकर्ता म्हणून शालूबाईंचे नाव लागावे, यासाठी मंडळ अर्ज करीत होते. मुदत आज सायंकाळी पाचपर्यंत. संकेतस्थळाला वर्डचीच फाइल हवी होती, आणि एकदा स्वीकारलेल्या अर्जात पुढे कानामात्रेचाही फरक करता येणार नव्हता.

"कोऱ्या पानावर नव्यानं टाइप करते," अपेक्षा म्हणाली. "दोन तासांचं काम आहे."

कैलासराव खुर्चीतून अर्धे उठले. "कोरं पान? या मंडळात? शुभ फाइल सोडून?"

शुभ फाइल म्हणजे मंडळाची २०१३ सालची पहिली फाइल. तिच्यावर केलेला पहिलाच अर्ज मंजूर झाला. तेव्हापासून मंडळाचा प्रत्येक कागद, मग तो अर्ज असो की सभेची सूचना, तिच्याच वंशात जन्म घेई: शेवटची फाइल उघडावी, जुना मजकूर पुसावा, त्या जागी नवा लिहावा आणि नव्या नावाने ठेवावी. वर्षाच्या पहिल्या अर्जाला नारळही फुटे.

"मग असं कर," कैलासराव पुन्हा बसत म्हणाले. "एक पत्र टाइप कर. कामात अक्षम्य हयगय केल्यामुळे श्रीमती अपेक्षा लोमटे यांना आजपासून नोकरीतून कमी करण्यात येत आहे."

"माझं पत्र मीच टाइप करू?"

"टायपिस्ट दुसरी कोण हाय इथं?"

अपेक्षा मूळची अंबाजोगाईची. नवरा बोईसरच्या एका कारखान्यात होता. तो कारखाना दिवाळीपूर्वी बंद पडला. घरात आता हा एकच पगार येत होता. ही गोष्ट अध्यक्षांना ठाऊक होती, म्हणूनच तिने ती बोलून दाखवली नाही. तिने नियमाप्रमाणे शेवटच्या, म्हणजे अर्जाच्याच फाइलची प्रत उघडली, नऊ पाने पुसली, सहा ओळी टाइप केल्या आणि छापलेला कागद अध्यक्षांसमोर ठेवला.

कैलासरावांनी पेनाचे टोपण काढले. दारातून आवाज आला.

"सही नको करूस, कैलास."

शालूबाई आत आल्या. साठी उलटलेल्या, पदर खोचलेल्या, पायाला वाडीची माती. "अर्ज माजा, झाड माजं. पाच वाजंपरेंत थांब. आमी विश्रामभाऊला बोलावलाय शिरगावाहून. तो रिक्षात बसला पन."

कैलासरावांनी घड्याळाकडे पाहिले, पेन पत्रावर आडवे ठेवले. "पाच. पाच वाजून एक मिनिट झालं, की सही."

दोन

विश्राम चुरी यांनी तारापूरच्या वीजकेंद्रात दस्तऐवज विभागात तीस वर्षे काढली होती. आयुष्यभर त्यांनी दोनच गोष्टी केल्या: इतरांचे कागद नीट लावले आणि इतरांशी वाद घातला. निवृत्तीनंतर कागद संपले. ते साडेबाराला आले, चपला काढल्या आणि पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "छापील प्रत आहे?"

"मंगळवारची आहे," अपेक्षा म्हणाली. "शालूमावशींनी सही केली ती."

विश्रामरावांनी नऊ पाने नऊ वेळा उलटली म्हटले तरी चालेल. मग पडद्यावरची फाइल उघडायला सांगितली. ती उघडेपर्यंत चहा आला, निवला आणि संपला.

"चौथ्या पानाची शेवटची ओळ वाचा," ते म्हणाले. "पडद्यावरची."

"...फळधारणा ऑगस्टअखेर सुरू होते."

"कागदावर त्या ओळीखाली आणखी एक ओळ आहे. 'झाडास दर हंगामात सरासरी नऊशे फळे.' पडद्यावर ती कोठे गेली?"

अपेक्षाने खाली पाहिले. "पाचव्या पानावर. म्हणजे... एक ओळ सरकलीय."

"ओळी आपण होऊन सरकत नाहीत," विश्रामराव म्हणाले, आणि खिशातील वहीत काहीतरी टिपून घेतले. "असो. फाइल हलकी करण्यासाठी तुम्ही काय काय केले?"

"काल एक प्रत काढली. नाव दिलं प्रयोग. त्या प्रयोगातून पाचही फोटो पुसून टाकले."

"उरले किती?"

"एकशे त्रेसष्ट."

"मोजण्यात चूक?"

"मला पण तसंच वाटलं. मग चार वेळा मोजलं. पाच फोटो गेले, अन् वजन तेवढंच."

चिटणीस शैलेश सावे एवढा वेळ दारात उभे होते. गळ्यात कॅमेरा, तो त्यांनी लग्नकार्यातही काढलेला कोणी पाहिला नव्हता. "फोटोंना बोल लावायचा नाही," ते म्हणाले. "उत्तम प्रतीचे फोटो आहेत. पानाचा देठ मोजता येईल इतके."

"फोटो फाइलीत कोण बसवतो?"

"मी. माझ्या लॅपटॉपवर. मंडळाचा नियमच आहे: फोटो चिटणीसाने बसवायचे, मजकूर टायपिस्टनं टाइप करायचा. आणि पुसायचंही तिनंच. चिटणीसानं पुसापुशी करायची नाही."

"हा नियम कोणाचा?"

"अध्यक्षांचा. २०१५ साली मी त्यांचं भाषण पुसलं होतं."

कैलासराव खाकरले.

विश्रामरावांनी वही मिटली. "तर मग स्थिती अशी: पाच छायाचित्रे या फाइलीतून बाहेर काढली आणि ती बाहेर गेली नाहीत. पडद्यावर ती दिसत नाहीत, छापली तर उमटत नाहीत, पण वजनात अजून भरतात. मला सांगा, ती आहेत कोठे?"

उत्तर जिन्यातून वर येत होते, शीळ घालीत.

तीन

"मामा, अजून इथंच? मी बोललो ना, व्हायरस आहे!"

भाग्येश हा कैलासरावांचा भाचा. बोईसर रस्त्यावर त्याची रोपवाटिका होती. तिच्या दाराशी भाग्येश गोल्ड या नावाने चिकूची कलमे विकली जात. ती भाद्रपदात फळतात असा फलकही होता. संगणकातले त्याला कळते, असे मंडळात सर्वानुमते मानले जाई. कारण त्याच्याकडे दोन लॅपटॉप होते.

"बुधवारी दुपारी अर्ज पहिल्यांदा अडला," कैलासरावांनी सांगितले. "मी लगेच पेनड्राइव्हवर घालून याच्याकडं पाठवला. संध्याकाळी पाचला."

"आणि परत केव्हा आला?"

"काल सकाळी. मूळ जागी तोच ठेवला."

विश्रामराव भाग्येशकडे वळले. "तुम्ही फाइलीचे काय केलेत?"

"काका, उघडलीच नाही. फक्त व्हायरस चेक मारला. डेंजर व्हायरस है. माझं ऐकाल तर अपेक्षाताईला घरी पाठवा, फोटो काढून टाका, जसं हाय तसं अपलोड करा. अर्ज महत्त्वाचा, डिझाइन नाय."

"उघडली नाही?"

"मेरी कसम, नाय."

विश्रामरावांनी अपेक्षाला फाइलीचे तपशील दाखवायला सांगितले. पडद्यावर एक छोटी चौकट आली. शेवटचा बदल: बुधवार, सायंकाळी सात वाजून सत्तावन्न मिनिटे. त्यांनी वेळ वहीत लिहून घेतली, पुसट हसले आणि वही मिटली. शालूबाईंनी मात्र ते हसू पाहिले.

"विश्रामभाऊ, तुमी शाळेत पन असंच हसायचे. मग कोनतरी मार खायचा."

"अजून वेळ आहे, शालू."

सव्वातीन वाजले होते. कैलासराव टेबलावरचे पत्र बोटाने सरळ करीत होते. पंख्याच्या वाऱ्याने त्याचे टोक उडे आणि ते पुन्हा दाबीत. अपेक्षाचे लक्ष त्या टोकाकडे होते.

विश्रामरावांचेही होते.

"अध्यक्षमहाशय," ते एकाएकी म्हणाले, "हे बडतर्फीचे पत्र कोणत्या फाइलीवर टाइप झाले?"

"शुभ फाइलवर. मंडळाचा नियम आहे."

"त्यात छायाचित्र आहे?"

"नोकरीवरून काढतोय, लग्न नाय लावत. छायाचित्र कशाला?"

"किती ओळी?"

"सहा," अपेक्षा म्हणाली. तिने मोजलेल्या होत्या.

"तर मग मला एकच गोष्ट पाहायची आहे," विश्रामराव म्हणाले. "या सहा ओळींचे वजन करा."

चार

सहा ओळींचे वजन एकशे त्रेसष्ट एमबी भरले.

शैलेशरावांनी कॅमेरा गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. तो प्रसंगच तसा होता.

"सहा ओळींत सिनेमा बसला वाटतं," अपेक्षा हळूच म्हणाली.

"बसलेला नाही, वारशाने आला आहे," विश्रामराव म्हणाले. "मंडळाच्या सगळ्या फाइली वर्षवार लावा."

यादी पडद्यावर उतरली. २०१३ चा पहिला अर्ज दोन एमबी. २०१६ च्या फळप्रदर्शनाचे पत्रक एकवीस. २०१९ चा अहवाल चौसष्ट. मे २०२३ ची वार्षिक सभेची सूचना, चार ओळी, एकशे अठ्ठावीस. आणि आजचे बडतर्फीचे पत्र.

"चिकूचे खोड कापले तर आत वलये दिसतात," विश्रामराव म्हणाले. "ही यादी म्हणजे तेच आहे. फाइल दरवर्षी जाड होत गेली. कमी कधीच झाली नाही. आता सांगा, अपेक्षाबाई या नोकरीवर केव्हा आल्या?"

"जून २०२३," शैलेशराव म्हणाले.

"त्यांच्या येण्याच्या आदल्या महिन्यात चार ओळींची सूचना एकशे अठ्ठावीस भरत होती. त्यांनी सिनेमे भरले असतील, तर अंबाजोगाईहून भरले असले पाहिजेत."

कैलासराव तरीही हटले नाहीत. कोणी म्हणेल की एवढा पुरावा पुरे होता. पण ज्याने शिक्षा आधी ठरवलेली असते, त्याला निर्दोष माणूस पुरत नाही, दोषी लागतो. "मग बारा वर्षं कुणाला कळलं कसं नाय?"

"कारण बारा वर्षे तुम्ही कागद छापून देत होता. छापील पानाला हे वजन नसते. यंदा प्रथमच फाइल स्वतः तराजूत बसली." ते शैलेशरावांकडे वळले. "शैलेशराव, नीट आठवून उत्तर द्या. या फाइलीत पूर्वी कधी लाल रेघा दिसत असत का?"

शैलेशरावांचा चेहरा उजळला. "दिसायच्या की! आमचे पहिले चिटणीस फार कडक. माझं वाक्य कोण कापतो ते मला दिसलं पाहिजे, म्हणायचे. त्यांनी तशी सोय करून ठेवली होती. काही पुसलं की लाल रेघ, काही घातलं की लाल अक्षर. ते गेल्यावर मी त्या रेघा बंद केल्या. आता स्वच्छ दिसतं सगळं."

"बंद केल्या, की झाकल्या?"

"म्हणजे?"

"तुम्ही पडदा ओढलात. मागे पहारेकरी बारा वर्षे तसाच उभा आहे." विश्रामरावांनी खुर्ची संगणकाजवळ ओढली. "त्याचा स्वभाव ऐका. एका हाताने लिहिले आणि त्याच हाताने पुसले, तर तो विसरून जातो. पण एकाने घातलेले दुसऱ्याने पुसले, तर तो ते टाकत नाही. पहिल्याची मान्यता येईपर्यंत जपून ठेवतो. आता तुमचा नियम आठवा. फोटो चिटणीसाने आपल्या लॅपटॉपवर बसवायचे. पुसायचे टंकलेखिकेने, या संगणकावर. एकाने घालायचे, दुसऱ्याने पुसायचे, मान्यता कोणीच द्यायची नाही, आणि कोरे पान कधीच घ्यायचे नाही. बारा वर्षांत पुसलेला प्रत्येक फोटो या फाइलीत जिवंत आहे."

"प्रत्येक?" शैलेशराव भारावून म्हणाले.

"अपेक्षाबाई, वर 'तपासणी' असे लिहिले आहे ना, तेथे जा. सगळ्या खुणा दाखवा."

तिने कळ दाबली. संगणक मिनिटभर घरघरला, आणि पडदा लाल झाला.

फळप्रदर्शने आली, वृक्षारोपणे आली, हार घातलेले पाहुणे आले. सात वर्षांपूर्वीची सहल आली. चिकूच्या एकाच फांदीची चौदा छायाचित्रे आली. सगळ्यांवर लाल काट. नऊ पानांच्या आड पावणेदोनशे पाने दडलेली होती.

"हा माझा सत्काराचा!" कैलासराव उठून पुढे आले. "हा हरवला होता!"

"पोरीला काढाया निघालेला, न् आता फोटू बगतोय," शालूबाई म्हणाल्या.

भाग्येश घड्याळाकडे बघत होता. "चार वीस झाले. झालं ना सोल्यूशन? एक बटन आहे, सगळे बदल मान्य. दाबा, फाइल हलकी. ताई, दाबा."

अपेक्षाचा हात कळीवर गेला. तिला ते बटण ठाऊक होते. एका दाबात बारा वर्षे गळून पडली असती, आणि तिची नोकरी वाचली असती.

"थांबा!" विश्रामराव गरजले. "ते बटण दाबले, तर पुरावा जाईल."

पाच

"कसला पुरावा?" कैलासरावांनी विचारले. "आता कळलं ना सगळं?"

"वजनाचे कळले. सरकलेल्या ओळीचे नाही." विश्रामरावांनी मंगळवारची छापील प्रत उचलली. "तीन दिवस या खोलीत सगळे फाइलीचे वजन करीत होते. वाचली कोणीच नाही. चौथे पान काढा."

अपेक्षाने चौथे पान काढले. आता खुणा दिसत होत्या. छायाचित्रांवरच्या जुन्या काटांच्या गर्दीत मजकुरावरची एक काट ताजी होती, आणि तिचा रंग वेगळा होता. ती मोठ्याने वाचू लागली.

"मूळ वृक्ष चिंचणी येथील शालू पाटील यांच्या वाडीत आहे... हे कापलंय."

"पुढे वाचा. त्या जागी काय आहे?"

"मूळ वृक्ष भाग्येश यांच्या बोईसर रस्त्यावरील नोंदणीकृत रोपवाटिकेत असून, तेच या वाणाचे जतनकर्ते आहेत."

शालूबाई पडद्याजवळ आल्या. "परत वाच."

अपेक्षाने परत वाचले.

"हे वाक्य मूळच्यापेक्षा लांब आहे," विश्रामराव म्हणाले. "त्यानेच ती नऊशे फळांची ओळ पुढच्या पानावर ढकलली. अपेक्षाबाई, खुणेवर बाण न्या. पहारेकरी नाव सांगतो, वेळही सांगतो."

पिवळी चौकट उघडली. तीत लिहिले होते: भाग्येश नर्सरी लॅपटॉप दोन. बुधवार, सायंकाळी ७:५४.

"तीन मिनिटांनी, सात सत्तावन्नला, फाइल बंद झाली. जी तुम्ही उघडलीच नव्हती, ती." विश्रामरावांनी वहीचे पान फाडून भाग्येशपुढे ठेवले. "बुधवारी सायंकाळी सातला हे कार्यालय कुलूपबंद असते. अपेक्षाबाई सहाच्या बसने बोईसरला जातात. फाइल तुमच्या खिशात होती. तुम्हाला हा अर्ज अडवायचा नव्हताच. तो असाच जायला हवा होता. एकदा स्वीकारला की बदल नाही, आणि शालूचे झाड कायमचे भाग्येश गोल्ड. बाई मात्र घरी जायला हव्या होत्या, कारण मजकूर पुन्हा वाचला, तर फरक ओळखणाऱ्या त्या एकट्याच."

भाग्येश मामांकडे वळला. "मामा, ये लोग... कडेला एक बारीक लाइन दिसत होती. मला वाटलं डिझाइन हाय."

हे वाक्य उच्चारताच आपण काय कबूल केले, हे त्याच्या ध्यानात आले. इतरांच्या ते आधीच आले होते.

"उगडली नाय ना?" शालूबाई शांतपणे म्हणाल्या. "मंग लाइन कुटं दिसली, रं?"

भाचा कैलासरावांनीच आणला होता, पेनड्राइव्ह त्यांनीच दिला होता, संशय त्यांनीच ठरवला होता. अखेर त्यांनी दाराकडे बोट केले.

"जा. तो फलक आजच उतरव. नायतर मी येऊन उतरवतो."

जिन्यातून उतरताना या वेळी शीळ आली नाही.

"आणि लक्षात घ्या," विश्रामराव म्हणाले, कारण वाद जिंकल्यावर थांबणे त्यांच्या स्वभावात नव्हते, "फाइल हलकी असती, तर बुधवारी दुपारीच गेली असती आणि मला येथे कामच नव्हते. पण ती अडली, म्हणून भाग्येशच्या हाती पडली. आणि हाच भोंगळ पहारेकरी तीत होता, म्हणून भाग्येश सापडला. आज सकाळी बाईंनी मुदतीच्या घाईत पडद्यावरचा मजकूर कोऱ्या पानावर उतरवला असता, तर त्याचे वाक्य त्यांच्याच हाताने सरकारदरबारी गेले असते."

"म्हणजे माझा नियम बरोबर होता!" कैलासराव म्हणाले.

"मुळीच नाही. चुकीच्या गोष्टीचा एकदा उपयोग झाला, म्हणून ती बरोबर ठरत नाही. यावर मी तुमच्याशी तासभर वाद घालेन. पण चार बत्तीस झाले आहेत."

सहा

पुढची सतरा मिनिटे अपेक्षाची होती.

प्रथम तिने भाग्येशचा बदल अमान्य केला. काट नाहीशी झाली आणि शालूबाईंचे नाव जागेवर आले. नऊशे फळांची ओळ एकदम वर चढून चौथ्या पानावर, आपल्या जागी, जाऊन बसली. ते पाहून शालूबाईंनी हात जोडले. कोणाला, ते स्पष्ट झाले नाही.

मग तिने उरलेले सगळे बदल मान्य केले, आणि बदल टिपून ठेवण्याची ती सोयच बंद केली. घरघर थांबली. सहल गेली, पाहुणे गेले, चौदा फांद्या गेल्या.

"माझा सत्कार?" कैलासराव म्हणाले.

"जुन्या फाइलीत आहे, साहेब. काढून देते नंतर."

फाइल ठेवली. चोवीस एमबी.

"अजून एकोणीस जास्त," शैलेशराव हताशपणे म्हणाले. "आता?"

"आता तुमचे पाच फोटो," विश्रामराव म्हणाले. "देठ मोजता येणारे. कडा कापल्या आहेत?"

"थोड्या. पडद्यावर."

"कापलेली कड फाइल टाकत नाही. तीही जपून ठेवते. दाखवा."

अपेक्षाने पहिल्या छायाचित्राची कापलेली कड परत ओढली. झाडाच्या डाव्या बाजूला, तोंडात चिकू घेऊन, कैलासराव उभे होते.

"मला कापलं?"

"अध्यक्ष, अर्ज झाडाचा होता," शैलेशराव पुटपुटले.

अपेक्षाने कड पुन्हा आत घातली. फोटो दाबून लहान करण्याची आज्ञा उघडली, तीत 'कापलेले भाग काढून टाका' यावर खूण केली, आणि पडद्यावर वाचण्यापुरताच दर्जा ठेवला. संगणकाने क्षणभर विचार केला.

फाइल ठेवली.

"किती?" चौघांनी एकदम विचारले.

"एक पूर्णांक नऊ."

"एकशे नऊ?" कैलासराव.

"एक, साहेब. एक पूर्णांक नऊ एमबी. पानं नऊ, फोटो पाच, सगळं जिथल्या तिथं."

तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत नऊ पाने मोठ्याने वाचली. विश्रामरावांनी छापील प्रतीवर बोट फिरवीत शब्द न् शब्द ताडला. चार एकोणपन्नासला तिने फाइल संकेतस्थळावर चढवली. निळी पट्टी डावीकडून निघाली आणि कोठेही न अडखळता उजवीकडे पोचली. अर्ज स्वीकारला आहे. जतनकर्ता: शालू पाटील, चिंचणी.

शैलेशरावांनी पडद्याचा फोटो काढला. मग अपेक्षाचा काढला. ती हसत होती, आणि तिने तोंडावर हात धरला नाही.

"फोटो मी बसवणार नाही कुठं," शैलेशराव घाईने म्हणाले. "वजनाची धास्ती घेतली."

शालूबाईंनी पिशवीतून चिकू काढले आणि टेबलावर, अगदी त्या पत्रावर, ओतले. "खा गं, अपेक्षा. ह्या झाडाचेच हायत. भादव्यातले नाय, पन ग्वाड हायत. विश्रामभाऊ, तुमी पन. वाद नका घालू, खा."

कैलासरावांनी चिकू बाजूला सारले. खालचे पत्र उचलले, चार तुकडे केले आणि खिशात घातले. केराच्या टोपलीत टाकले असते, तर कोणीतरी जोडून वाचले असते. मग ते अपेक्षाकडे न पाहता म्हणाले, "एक पत्र टाइप कर."

"शुभ फाइलवर?"

त्यांनी टेबलावरचा एक चिकू उचलून परत ठेवला. "कोऱ्या पानावर."

तिने कोरे पान उघडले. ते क्षणात उघडले. चहा निवण्याची वाट पाहावी लागली नाही. कैलासराव उठून उभे राहिले, सदरा खाली ओढून सरळ केला, आणि खोलीतील सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागले.

"लिही. अर्जाच्या फाइलीत झालेल्या वाढीस अध्यक्षांचे नियम कारण होते. श्रीमती अपेक्षा लोमटे यांचा यात कोणताही दोष नाही. त्या नोकरीत कायम आहेत."